बोरू, टाक आणि वडिलांची सही



संमेलनाला येणाऱ्या प्रत्येकाला आठवण म्हणून काय द्यायचे, यावर आपल्या व्हॉट्सॲप गटावर चार दिवस चर्चा चालली होती. कोणी शाल सुचवली, कोणी भिंतीवरचे घड्याळ. शेवटी शाईच्या पेनावर एकमत झाले. त्यावर एका मित्राने लगेच लिहिले, "आता पेन घेऊन करायचं काय? हल्ली सहीच्या जागीसुद्धा अंगठाच लावावा लागतो!" सगळ्यांनी हसण्याची चित्रे टाकली. मीही टाकले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. गेली तेहेतीस वर्षे मी दस्त नोंदणीच्या कार्यालयात कारकुनी करतो आहे. लोकांच्या सह्या आणि अंगठे घेणे हेच माझे पोटापाण्याचे काम. म्हणून समितीने लेख मागितला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. लेखणीचा इतिहास लिहायचा ठरवले. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. जे वाचले, जे पाहिले आणि जे आपल्या शाळेत घडले ते क्रमाने सांगतो.

सुरुवात आपल्या सहलीपासून करू. आठवीत आपल्याला नाणेघाटात नेले होते. तो दगडी रांजण, खाली कोकणात उतरणारी अरुंद वाट आणि सोसाट्याचा वारा सर्वांना आठवत असेल. पण घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सर आपल्याला भिंतीवरची अक्षरे दाखवत होते, तेव्हा आपले निम्मे लक्ष डब्याकडे होते. तो लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानला जातो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा त्यात नोंदली आहे. गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी, सगळे आकड्यांत. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा उल्लेख आहे. अंक लिहिल्याचे भारतात जे फार जुने पुरावे आहेत, त्यांत आपल्या नाणेघाटाचे नाव जगभरचे अभ्यासक घेतात.

तिथली लेखणी म्हणजे लोखंडी छिन्नी. तिला शाई लागत नाही आणि तिचे खोडताही येत नाही. एक अक्षर चुकले की चुकले. आज मला प्रश्न पडतो तो वेगळाच. ती छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटाला स्वतः कोरलेले वाचता येत होते का? की कोणी आखून दिलेल्या रेघा तो नुसता गिरवत होता? राणीचे नाव राहिले. कोरणाऱ्याचे राहिले नाही.

जुन्नरभोवतीच्या लेण्यांत मात्र साध्या माणसांचीही नावे आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशा चारही बाजूंच्या डोंगरांत लेणी आहेत आणि त्यांत दान देणाऱ्यांचे लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे त्यांचा संघ, तिने दिलेले दान आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीची नोंद आहे. यवन म्हणवणाऱ्या परदेशी दात्यांची नावे आहेत. माझ्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर हे सगळे नोंदणीकृत दस्त आहेत. कोणी दिले, कोणाकडे दिले, कशासाठी दिले. लेखणीने माणसाचे पहिले काम केले ते बहुधा हेच, देण्याघेण्याची आठवण ठेवणे.

दगड सगळ्यांच्या आवाक्यातला नव्हता. ताडपत्र, भूर्जपत्र आणि ताम्रपट होऊन गेले, मग कागद आला आणि त्याच्याबरोबर बोरूचे दिवस आले. बोरू म्हणजे वेताएवढी पोकळ काडी. धारदार चाकूने तिरपा छेद द्यायचा, मधोमध बारीक चीर पाडायची आणि टोक सपाट कापायचे. टोक जितके रुंद तितके अक्षर ठसठशीत. शाई घरीच करत. दिव्याची काजळी आणि डिंक पाण्यात घोटून घोटून एकजीव करायचा. दौतीत कापडाची चिंधी किंवा बोळा ठेवत, म्हणजे बोरू जास्त शाई उचलत नसे. ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून ती झटकून टाकत. तोच त्या काळचा टिपकागद.

शब्दही कुठून कुठून आले पाहा. शाई हा फारसी 'सियाही'चा, म्हणजे काळेपणाचा, मराठी अवतार. दौत आणि कागदही त्याच वाटेने आले. 'कलम' अरबी-फारसीतून आला आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेत बोरूलाच म्हणणाऱ्या शब्दापर्यंत जाते. आपल्याकडे मात्र त्याने तीन संसार थाटले. लेखणी म्हणजे कलम, कायद्यातले कलम आणि झाडाचे कलम. नारायणगावच्या बाजूचे आपले द्राक्षबागायतदार मित्र रोज कलमे बांधतात आणि मी रोज कलमे वाचतो. छेद तिरपाच द्यावा लागतो, झाडाला काय आणि बोरूला काय! 'पेन' हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या पिसाच्या शब्दावरून आला, कारण युरोपात हंसाच्या पिसाने लिहीत.

बोरूने मराठी कारभार उभा केला तो मोडीत. मोडी हेमाद्री पंडिताने आणली असे परंपरा सांगते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता रेघेखाली अक्षरे लपेटत न्यायची. ज्या शिवनेरीकडे बघत आपण प्रार्थना म्हटली, तिथे जन्मलेल्या शिवरायांचे राज्य तलवारीवर जितके चालले तितकेच या बोरूवर. बाळाजी आवजी चिटणिसांनी महाराजांना पत्र म्हणून कोरा कागद धडाधड वाचून दाखवला, ही आख्यायिका आपण सरांच्या तोंडून ऐकली आहे.

आणि हा कागद आपल्या जुन्नरचा. जुन्नरी कागद पेशवाईत नावाजलेला होता. इथल्या कागदी मुसलमान घराण्यांचा तो पिढीजात धंदा. जुने ताग, गोणपाट, दोरखंड चुन्याच्या पाण्यात कुजवायचे, कुटायचे, धुवायचे, परत कुटायचे. तो लगदा हौदात पाण्यात कालवून बारीक काड्यांच्या जाळीवर उचलला की एक ताव तयार. मग तो भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे शाई फुटत नाही. असे हातकागद आजही पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि शाई अजून काळीभोर आहे. पुढे गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. आपण शाळेत असताना यातले काही आपल्याला माहीत नव्हते. ज्या गावचा कागद राज्य चालवायला जात होता, त्या गावच्या बाजारात आपण वह्या विकत घेत होतो, त्या बाहेरून आलेल्या.

आता जरा कडू भाग. बोरू होता, कागद होता, पण तो हातात कोणाच्या होता? जुन्या दस्तांवर गावच्या लोकांच्या सह्या नसतात, निशाण्या असतात. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो. सुताराचा वाकस, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. कुळकर्ण्याची निशाणी मात्र लेखणी. चित्रे मोठी सुंदर दिसतात. पण त्यांचा अर्थ असा, की कागदावर काय लिहिले आहे ते गावात एकदोघांनाच कळत होते. बाकीचे त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून नांगर काढत होते.

इंग्रजी अमदानीत नगदी सारा आला, सावकारी वाढली, कोर्टे आली, आणि कागदाची ताकद एकदम शतपटीने वाढली. तोंडी ठरले काहीही असो, कोर्टात खरे ते लिहिलेले. १२ मे १८७५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यांतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोकांना पैसाअडका नको होता. त्यांना खते, रोखे, वह्या हव्या होत्या. ते कागद हाती आले की ते जाळत आणि परत फिरत. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना कागदाची किंमत सर्वांत जास्त कळली होती.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. शेतकऱ्याचा कर्जाचा दस्त गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, असे त्यात होते. त्या गावनिबंधकाला मी माझा पूर्वज समजतो. पण खरे औषध ओळखले ते महात्मा फुल्यांनी. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर कसे नाडले जाते, हे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडले, आणि त्याच्या कितीतरी आधी, १८४८ साली, पुण्यात मुलींची शाळा काढली. कागद जाळून एकदाच सुटका होते. वाचता आले तर ती कायमची होते.

निशाणीची जागा पुढे अंगठ्याने घेतली. त्याचाही जन्म आपल्याच देशातला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला, नंतर मुकरू नये म्हणून. पुढे अभ्यास वाढला आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचे कार्यालय निघाले. अंगठ्याने माणूस नक्की कोण ते कळते. त्याला दस्त कळला की नाही, ते अंगठा सांगत नाही.

इकडे लेखणी बदलत होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी पोलादी निबा ढिगाने काढल्या. लाकडी दांडीला निब खोचली की झाला टाक. बोरू पुन्हा पुन्हा तासावा लागे, टाकाला ती कटकट नाही. तरी दौत जवळ हवीच. ती गरज संपवली फाउंटन पेनने. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमनने अशा पेनाचे पेटंट घेतले, ज्यातून शाई बेताने उतरे. आता दौत खिशात आली. मात्र पेन परदेशी आणि शाईही परदेशी.

इथे आपल्या आंबेगावचा धागा जुळतो. म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू, मुंबईचा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. स्वदेशीची ती हवा होती. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, गिरगावात दांडेकर बंधूंनी घोडा छापाची शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. तीच पुढे कॅमल शाई आणि आपली सर्वांची कंपासपेटी झाली. आपण ज्या शाईने निबंध लिहिले, तिच्यामागे असा काळ होता.

आता आपला वर्ग. पहिली-दुसरीत पाटी आणि पेन्सिल, ती खाण्याचे व्यसन अनेकांना होते, नावे घेत नाही. तिसरी-चौथीत शिसपेन्सिल आणि कित्ता. आमच्या गावच्या शाळेत गुरुजी पुस्तीसाठी बोरूच वापरायला लावत. पाचवीत शाईचा पेन, आणि तो दिवस मुंजीपेक्षा मोठा. शाईच्या पेनाचे सुख सांगावे की दुःख? खिशाला निळा डाग नाही असा शर्ट नव्हता. निब अडकली की पेन झाडायचा आणि पुढच्या बाकावरच्याच्या पाठीवर नक्षी उठायची. डाग पडला की खडूचा तुकडा लावून शाई शोषून घ्यायची. दुकानदार पाच पैशांत पेन भरून द्यायचा. परीक्षेत शाई संपली तर शेजारी आपला पेन उघडून बाकावर दोन थेंब टाकायचा आणि आपण ते निबेने उचलायचे. त्या उसन्या थेंबांचा हिशेब कोणी ठेवला नाही. मी दहावीच्या भूमितीच्या पेपरला घेतलेले दोन थेंब अजून देणे आहे. देणाऱ्याने संमेलनात वसूल करावे.

बॉलपेनला तेव्हा बंदी होती. "अक्षर बिघडतं" हे सरांचे ठाम मत. हा पेन लाडिस्लाव बिरो या हंगेरीच्या पत्रकाराने भावाच्या मदतीने तयार केला. छापखान्याची शाई पटकन वाळते हे त्याने पाहिले होते. ती दाट शाई निबेतून उतरेना, म्हणून टोकाला फिरती गोळी बसवली. १९३८ साली पेटंट, मग युद्धामुळे अर्जेंटिनाला स्थलांतर. १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दुकानात असा पेन साडेबारा डॉलरना विकायला आला आणि लोकांची झुंबड उडाली. पुढे फ्रान्सच्या बिकने तो इतका स्वस्त केला की वापरावा आणि टाकावा. गंमत पाहा. बोरूवाल्यांनी टाकाला नावे ठेवली असतील, टाकवाल्यांनी फाउंटन पेनला आणि सरांनी बॉलपेनला. अक्षर बिघडले हे खरेच. पण दर वेळी लेखणी स्वस्त झाली आणि आणखी चार हातांत गेली, हेही तितकेच खरे.

आता जे आजवर कोणाला सांगितले नाही ते सांगतो.

माझे घर घोड नदीच्या खोऱ्यातले, जुन्या आंबेगावच्या बाजूचे. मी वसतिगृहात राहून शिकलो. माझ्या आजोबांनी एकदा बैलासाठी कर्ज काढले आणि कागदावर अंगठा दिला. वाचून दाखवले एक आणि लिहिलेले होते दुसरे. ओढ्याकडेचे पाऊण एकर गेले. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, भात लावताना त्या तुकड्याकडे पाहून एवढेच म्हणायचे, "आंगठ्यानं वावर गेलं, पोरा." पण दादांनाही अक्षर येत नव्हते. माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी त्यांचा निळा अंगठा असायचा. वर्गात प्रगतिपुस्तके गोळा करताना मी माझे उलटे धरून द्यायचो. आठवीच्या सहामाहीला मला ती लाज सोसली नाही. मी ते घरी दाखवलेच नाही. दादांची सही मीच केली, चांगली वळणदार.

मराठीच्या सरांनी ती ओळखली. वर्गात काही बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर थांबवून घेतले. मी छडीची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, "अक्षर छान आहे. पण हे तुझ्या वडिलांचं नाही. ते काय करतात सहीला?"

"अंगठा देतात, सर."

"मग त्यात लाज कसली? अंगठा त्यांचा स्वतःचा आहे. ही सही चोरीची आहे." मग त्यांनी कपाटातून बोरू आणि दौत काढली, एका कागदावर दादांचे पूर्ण नाव ठळक अक्षरांत पाच वेळा लिहिले आणि कागद माझ्या हातात दिला. "हा कित्ता घरी ने. वार्षिक प्रगतिपुस्तकावर मला त्यांची खरी सही पाहिजे. तोवर मी हे कोणाला सांगत नाही."

दादांनी पेन्सिल धरली ती बैलाची पराणी धरावी तशी, मुठीत. माझ्याच जुन्या पाटीवर, मी सुट्टीत घरी गेलो की चिमणीच्या उजेडात ते गिरवायचे. मी नसताना धाकटी बहीण घेऊन बसायची. 'र' त्यांना लवकर आला, 'ण' शेवटपर्यंत रुसला. एकदा पाटी ठेवून म्हणाले, "नांगर सोपा हाय यापरीस." त्यांना ठाऊक नव्हते, पण त्यांच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी खरोखरच नांगरावर काम भागवले होते. वार्षिक परीक्षेनंतर प्रगतिपुस्तकावर सही आली. ओळ चढावर गेलेली, आडनाव चौकटीबाहेर. सरांनी ती पाहिली, आपल्या सहीखाली तारीख घातली आणि पुस्तक मला परत दिले. एवढेच.

पुढे डिंभ्याचे धरण झाले. तालुक्याला नाव देणारे आंबेगाव पाण्यात गेले, आमचे घरही गेले. मोबदल्याच्या कागदांवर सह्या घ्यायला साहेब आले तेव्हा शाईचा पॅड टेबलावर उघडाच ठेवला होता. रांग मोठी होती. दादांनी पॅड बाजूला सारला आणि म्हणाले, "पोरगं वाचून दाखवील. मग मी सही करतो." मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मागचे लोक चुळबुळ करत होते. कागदात चूक काही निघाली नाही. मोबदला वाढला नाही, गाव वाचले नाही. पण त्यानंतर रांगेतल्या दोघांनी मला आपलेही कागद वाचायला सांगितले. त्या दिवशी मी काय काम करायचे ते ठरले असावे.

आपल्या देशाने अडाणी माणसाला पेनाची अट घातली नाही, याचा मला अभिमान आहे. राज्यघटनेची मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने, हाताने लिहिली आणि २४ जानेवारी १९५० रोजी सभासदांनी तिच्यावर सह्या केल्या. पण त्या घटनेने मत दिले ते सही येणाऱ्या आणि न येणाऱ्या सगळ्यांना सारखे. पहिल्या निवडणुकीत वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हे आली, जुन्या निशाण्यांसारखी. १९६२ पासून सार्वत्रिक निवडणुकीत बोटाला न पुसणारी शाई लागली. दादांच्या बोटाला दोन प्रकारची शाई लागली. एक दस्ताची आणि एक मताची. दुसरीची त्यांना कधी भीती वाटली नाही.

आता आपल्या मित्राच्या विनोदाकडे येतो. त्याचे खरे आहे. माझ्या कार्यालयात आज डॉक्टर येवो की इंजिनियर, यंत्रावर अंगठा ठेवावाच लागतो. उलट आयुष्यभर माती कालवलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. तो माणूस बोट धोतराला पुसून पुन्हा पुन्हा ठेवतो, तेव्हा मला दादा आठवतात. पण त्याहून जास्त खटकते ते वेगळेच. शिकलेली माणसे दस्त न वाचता सह्या करतात. बहिणी हक्कसोडपत्रावर सुरेख अक्षरात सही करतात आणि "भावाने सांगितलंय ना" म्हणतात. मी विचारतो, "ताई, वाचलंत का?" त्या हसतात. सही येणे म्हणजे वाचता येणे नव्हे, आणि वाचता येणे म्हणजे वाचणे नव्हे. नाणेघाटापासून आपण एवढा मोठा पल्ला मारला, पण आजोबांचा तो अंगठा अजून सुटलेला नाही. तो आता आपल्या वळणदार सहीत लपून बसला आहे.

मराठीचे सर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या कपाटातला तो बोरू माझ्याकडे आहे. त्यांनी परत मागितला नाही आणि मीही दिला नाही. ही माझी दुसरी चोरी समजा. संमेलनाच्या दिवशी तो घेऊन येईन, ज्यांना हातात धरून पाहायचा त्यांनी पाहावा.

समितीला एक विनंती आहे. त्या दिवशी हजेरी मोबाइलवर घेऊ नका. एक जाड वही ठेवा. मिळालेल्या पेनात शाई भरून प्रत्येकाने तिच्यात आपले पूर्ण नाव लिहावे, आई-वडिलांच्या नावासकट, आणि खाली सही करावी. कोणाची शाई संपली तर शेजाऱ्याने दोन थेंब द्यावेत. आणि वहीच्या पहिल्या पानावर समितीने जे काही छापले असेल, ते सही करण्यापूर्वी सर्वांनी कृपया वाचावे.